निल्दे खाली उतरली

निल्दे मंगळवारी गेली आणि गुरुवारी सकाळी तिला पाचव्या मजल्यावरून खाली आणायचं होतं. जेनोआच्या जुन्या वस्तीतले जिने इतके अरुंद, की समोरून कुणी आलं तर भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं. वळणावर शवपेटी अडकली, तेव्हा माणसांनी ती उभी धरली. बायकोला तसं नेताना बाचिच्चाला बघवेना. तो पुढे होऊन एकटाच खाली दारात येऊन थांबला.

गुडघ्यांनी दगा दिल्यापासून निल्दे तो जिना उतरलीच नव्हती. भाजी बाचिच्चा आणायचा, बातम्याही तोच आणायचा. निल्देला उरली होती एक खिडकी. खिडकीखाली गल्लीच्या कोपऱ्यावर, भिंतीतल्या कोनाड्यात मेरीमातेची दगडी मूर्ती होती. बोटींवरून उतरलेल्या प्रवाशांचे तांडे तिथे थांबत. त्यातला एक तांडा लाविनियाचा. पिवळी छत्री उंच धरून ही गाइड पोरगी रोज आधी इथल्या भाषेत, मग पाहुण्यांच्या भाषेत तीच गोष्ट सांगायची: एका खलाशाची बायको इथे रोज दिवा लावायची, म्हातारी होईपर्यंत, आणि एके दिवशी तो खरंच परत आला.

"खोटं! साफ खोटं!" निल्दे वरून ओरडायची. "कसला खलाशी नि कसलं काय! लाज नाही वाटत का गं, परक्या माणसांना फसवायला?"

"मग खरं काय ते तुम्ही सांगा ना, सिन्योरा!"

"तुला कशाला सांगू? उद्या त्याचीही वाट लावशील!"

माना वर करून लोक खो खो हसायचे. काही जण हात हलवायचे, निल्देही उलट हात हलवायची.

"अगं, पोरीच्या पोटावर का पाय देतेस?" बाचिच्चा म्हणायचा.

"आवडतं तिला. बघ, माझ्यासाठी थांबते ती."

आणि लाविनिया खरंच थांबायची. पण दोघींची समोरासमोर गाठ कधी पडली नाही.

इमारतीतले बाकीचे बिऱ्हाडकरू केव्हाच गेले होते. त्यांच्या घरांत आता आठवड्याचे पाहुणे चाकांच्या बॅगा खडखडवत येत-जात. त्यामुळे अंत्ययात्रेला कोण असणार? तुरिनहून आलेली मुलगी ओर्नेल्ला, तिचा नवरा, खालचा पावभट्टीवाला एउजेनियो आणि पलीकडच्या गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या विधवा. झालं.

पेटी अजून जिन्यातच होती, तोवर गल्लीच्या तोंडाशी पिवळी छत्री दिसली. लाविनियाने कोनाड्यापाशी माणसं गोळा केली, गोष्ट सुरू केली, आणि खलाशी परत आला तिथे थांबून तिने वर पाहिलं. खिडकी बंद होती. ती जरा वेळ थांबली.

"आज सिन्योरा रुसल्यात वाटतं," ती हसत म्हणाली.

बाचिच्चा पुढे झाला, खिडकीकडे बोट दाखवून म्हणाला, "मी निल्देचा नवरा."

"अरे वा, तुम्ही होय! कुठे आहेत त्या? बऱ्या आहेत ना?" म्हणता म्हणता तिची नजर त्याच्या काळ्या टायवर गेली. मागोमाग दारातून पेटी बाहेर आली.

तांड्यातल्या एकाने फोन उंचावला. ओर्नेल्ला कडाडली, "बंद कर ते! माझी आई आहे ती, तमाशा नाही!"

लाविनियाने त्यांच्या भाषेत दोन शब्द सांगितले. फोन खाली गेला, टोप्या डोक्यांवरून उतरल्या.

"माफ करा. आम्ही निघतो," ती बाचिच्चाला म्हणाली.

त्याने पेटीकडे पाहिलं, तिच्यामागे उभ्या असलेल्या चार-पाच माणसांकडे पाहिलं. "चर्च इथे जवळच आहे," तो म्हणाला. "ही मंडळी येतील का?"

"बाबा, वेड लागलंय का तुम्हाला? कोण कुठली माणसं!"

"तिची ओळख होती यांच्याशी, ओर्नेल्ला. रोज बोलायची."

काही जणांना बोट गाठायची होती, ते गेले. बाकीचे उन्हाळी कपड्यांतच मागून चालू लागले. चर्चमध्ये भरलेले बाक बघून पाद्रीबाबांनी चष्मा काढून पुसला. फुलाफुलांचा झगा घातलेली एक परदेशी बाई शब्द येत नसताना स्तोत्राची चाल गुणगुणत होती.

बाहेर पेटी उचलली तेव्हा एउजेनियोने निरोपाच्या तिथल्या रिवाजाप्रमाणे टाळ्या वाजवायला सुरुवात केली. पाहुणे आधी गोंधळले. मग लाविनियाने टाळी वाजवली आणि त्यांनीही साथ दिली. अख्खी गल्ली टाळ्यांनी भरून गेली. मंगळवारपासून कोरडा राहिलेला बाचिच्चा तिथे एउजेनियोच्या खांद्यावर डोकं टेकून रडला.

दुपारी दार वाजलं. धापा टाकत लाविनिया उभी होती. ओर्नेल्ला आतल्या खोलीत आईचे कपडे आवरत होती. बाचिच्चाने कॉफी ठेवली.

"त्या मूर्तीचं खरं काय होतं?" लाविनियाने विचारलं.

"तिला काय माहीत! ती डोंगरातल्या गावची. लग्न होऊन आली तेव्हाही मूर्ती तशीच होती."

"मग ओरडायच्या का?"

"भांडायला कोण होतं गं तिला? मी सगळ्यालाच हो म्हणतो."

लाविनिया कपाकडे बघत राहिली. "गोष्ट बनवलेलीच होती. मला कधीची बदलायची होती. पण मग त्या ओरडल्या नसत्या."

आतून ओर्नेल्लाने हाक मारली, "बाबा, तुमची लोकरीची बंडी घेऊ ना? तुरिनला थंडी असते."

"घे," बाचिच्चा म्हणाला. मग हळू आवाजात लाविनियाला सांगू लागला, "परवा नेतेय मला. घर चांगलं आहे. लिफ्ट आहे. किती वर्षं बोलावत होती दोघांना, पण निल्दे म्हणायची, तिथल्या खिडकीतून मी कुणाशी भांडू?"

लाविनियाने त्याचा हात धरला, आणि कॉफी निवली तरी दोघं तशीच बसून राहिली.