जोडलेल्या डिस्क

ठाकुर्लीचे अण्णा कारखानीस मराठीचे शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच ध्यास घेतला, खाडीकाठच्या कोळ्यांच्या बोलीतले शब्द गोळा करायचे. त्यासाठी त्यांना सगुणा मिळाली. ती ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली. टायपिंग झालेलं आणि कान तिखट. म्हाताऱ्यांकडे जाऊन ती त्यांचं बोलणं टेप करायची, मग अण्णांच्या घरी येऊन ते कॉम्प्युटरमध्ये भरायची. कॅसेट चारच होत्या. आवाज आत गेला की त्याच पुसून पुन्हा वापरायच्या.

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत कॉम्प्युटरची डिस्क भरली. अण्णांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने दुसरी पाठवली आणि ती बसवायला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा दौलत आला.

"ताई, ही वेगळी ठेवू की जुनीला जोडू?" त्याने विचारलं.

"फरक काय पडतो?"

"जोडली तर दोन्ही मिळून एकच मोठा डी ड्राइव्ह दिसेल. भरपूर जागा, कटकट नाय. पण मग दोघींतली एक जरी गेली तरी दोन्हीवरचं सगळं गेलं समजा. वेगळी ठेवली तर नवीवर जुनीची कॉपी ठेवता येईल. मात्र जागा आहे तेवढीच राहील."

"जोडून नंतर सोडवता येतात?"

"नाय. सगळं पुसून पहिल्यापासून करावं लागतं."

अण्णांनी चष्मा काढून पुसला. "मला यातलं ओ की ठो कळत नाही. सगुणा सांगेल तसं कर."

सगुणाच्या डोळ्यांपुढे धाकूनाना आले. कोळीवाड्यातलं सर्वात वयस्क माणूस. भरती-सुकतीचं, म्हणजे पाणी चढण्या-ओसरण्याचं, त्यांचं बोलणं आत्ता कुठे रंगात आलं होतं. जागा नाही म्हणून त्यांना थांबवायचं? त्यांच्या वयाला थांबा म्हणणं बरं नव्हे.

"जोड," ती म्हणाली.

चार महिने काम झकास चाललं. धाकूनाना रोज नवं काहीतरी काढायचे. कुठल्या पाण्याला जिताडा मासा लागतो, पाग हे जाळं कसं फेकायचं, वारा फिरला की त्याला काय म्हणायचं. एप्रिलमध्ये दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि ते गेले. तेराव्याला त्यांची मुलगी तुळसा सगुणाला म्हणाली, "बाचा आवाज मना एकदा ऐकव गो." सगुणाने शब्द दिला.

मे महिन्यात एका दुपारी नवी डिस्क टकटक वाजायला लागली आणि पडद्यावरून डी ड्राइव्ह नाहीसा झाला. दौलत दोन दिवस खपला. शेवटी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून म्हणाला, "जुनी ठणठणीत आहे, ताई. पण एकटीवरून काही निघत नाय."

टाइप केलेले शब्द अण्णांनी वेळोवेळी छापून ठेवले होते, ते वाचले. कॅसेट तर पुसून झालेल्या होत्या, त्यामुळे आवाज मात्र एकही उरला नाही.

"अण्णा, मी जोड म्हटलं," सगुणा म्हणाली.

अण्णांनी तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं. "तू म्हटलंस, कारण मी ठरवायचं टाळलं," ते म्हणाले. "कळत नाही म्हणणं मला सोपं गेलं. पाणी पी आधी."

तुळसाला सांगायचं राहिलं होतं. ते काम अण्णांना करता येण्यासारखं नव्हतं. सगुणा गेली तेव्हा तुळसा दारात बोंबील साफ करत बसली होती. सगुणाने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, आपल्या तोंडचा 'जोड' हा शब्दसुद्धा गाळला नाही. तुळसाचे हात थांबले. ती उठली, टोपली उचलून आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

आठ दिवस सगुणा त्या गल्लीने गेली नाही. अण्णांकडे मात्र जात राहिली. दौलतने नवी डिस्क आणली तेव्हा तिने त्याला बोलूच दिलं नाही. "वेगळी ठेव. आणि रोज कॉपी कशी काढायची ते मला शिकव."

नवव्या दिवशी सकाळी तुळसा सगुणाच्या घरी आली. आल्या आल्या पाटावर बसली.

"बा सुकतीचं सांगायचा, त्यातलं मना थोडं येतं," ती म्हणाली. "टेप हाय ना तुजा?"

सगुणाने नवी कोरी कॅसेट घातली. तुळसाने पदर सावरला, घसा साफ केला आणि सुरुवात केली. दोन वाक्यांतच ती अडखळली.

"नाय गो, बा असा नव्हता बोलत. थांब जरा."

तिने डोळे मिटले. ओठांतल्या ओठांत तिने शब्द जुळवून पाहिले आणि मग पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली. सगुणा टेपकडे लक्ष ठेवून ऐकत राहिली.