सकाळी सातची गिनती

आमच्या प्रीतीचं लग्न दोन हजार बावीस सालच्या मे महिन्यात झालं. प्रीती माझी नात. लग्न नागपुरात इंदोऱ्याला, विहाराच्या बाजूच्या सभागृहात होतं. माझे मालक गणपतराव फौजेत शिपाई होते. त्यांना जाऊन तेरा वर्षं झाली होती, तरी त्यांच्या पलटणीतले जे जे नागपूर-कामठीत राहतात त्या सगळ्यांकडे मी स्वतः पत्रिका घेऊन गेले. सगळे आले. चंपतराव तेवढे आले नाहीत.

कोणीतरी म्हणालं, पत्रिकेवर त्यांच्या नावाआधी 'नाईक' लिहायचं राहिलं, म्हणून रुसले असतील. मलाही ते पटलं. फौजेतून आलेल्या माणसाचा हुद्दा फार जपावा लागतो. म्हटलं, लग्नाची गडबड सरली की जाऊन समजूत काढू, सोबत बुंदीचा डबा नेऊ. चार दिवसांनी डबा घेऊन गेले तर दाराची कडी तोडलेली आणि बाहेर दोन पोलीस उभे. चंपतराव लग्नाच्या आदल्या दिवशीच गेले होते. घरात एकटेच राहत होते. आम्ही इकडे त्यांना रुसलेले समजून जेवत होतो.

त्यावरून गिनती सुरू झाली. फौजेत रोज माणसं उभी करून मोजतात, त्याला गिनती म्हणतात. महादेवराव हे निवृत्त सुभेदार, आमच्या माजी सैनिकांच्या मंडळाचे अध्यक्ष. ते म्हणाले, आपणही मोजू, फोनवर. एकट्या राहणाऱ्या सव्वीस जणांची यादी झाली. रोज सकाळी सात वाजता फोन करायचा. माणूस 'हाजिर' म्हणाला की वहीत नावापुढे खूण करायची. तीनदा फोन करून उचलला नाही तर तासाभरात कोणीतरी त्याच्या दारात उभं राहायचं. चौदा नावं माझ्याकडे आली. मी अक्षरं शिकले ती पन्नाशी उलटल्यावर, प्रौढांच्या वर्गात. म्हणून माझी वही हळू चालते, पण तिच्यात खाडाखोड नसते. महादेवराव ती वही इतरांना दाखवायचे. मला त्याचा अभिमान होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

माझ्या चौदांत नत्थूजी रामटेके होते. हवालदार म्हणून निवृत्त झालेले, वय चौऱ्याहत्तर. कामठीत यंत्रमागांच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर. बायको कौशल्या दोन वर्षांपूर्वी वारली. एकुलता मुलगा संघपाल पुण्याकडे कारखान्यात सुपरवायझर. नत्थूजींचा फोन दाराजवळच्या कोनाड्यात ठेवलेला असायचा, कारण रेंज तेवढ्याच जागी यायची. खाट आतल्या भिंतीला. त्यामुळे फोन पाचव्या-सहाव्या घंटीला उचलला जायचा. मागे मागांची खटखट आणि नत्थूजींचा दम लागलेला आवाज, "हाजिर!"

"कसं हाय भाऊजी?"

"सब ठीक. तुमचा चहा झाला का, वैनी?"

एवढंच बोलणं. आठ महिने असंच चाललं.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला मला वाटलं, नत्थूजी सुधारले. पहिल्याच घंटीला फोन उचलायला लागले. दम नाही, काही नाही. मी एकदा म्हटलंही, "भाऊजी, लय चपळ झाले तुम्ही. काय खाऊन राहिले?" ते हसले. म्हणाले, "कामठीची हवा, वैनी. तुमच्या इंदोऱ्यात नाई मिळत."

आठव्या दिवशी मी स्वयंपाकघरात खाली बसून कणीक मळत होते आणि बाहेर माझा फोन वाजला. गुडघ्यावर हात देऊन उठेपर्यंत चार घंट्या झाल्या, दारापर्यंत जाईस्तोवर बंद. मी तिथंच थांबले. हाताला कणीक तशीच. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस खाटेवरून उठून कोनाड्यापर्यंत पहिल्या घंटीत कसा पोचतो? पोचतच नाही. तो आधीपासूनच तिथं पडलेला असतो.

मी भावनाला फोन लावला. भावना गजभिये माजी सैनिकांच्या दवाखान्यात नर्स आहे, सुट्टीच्या दिवशी मंडळाचं काम करते. ती म्हणाली, "आजी, तुम्ही बसनं निघा, मी गाडीवरून पोचतोच."

दार नुसतं लोटलेलं होतं. नत्थूजी दाराला लागूनच सतरंजीवर बसले होते, पाठ भिंतीला, पायांवर कांबळं, हातात फोन. केस विंचरलेले, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. तोंड तापानं लाल होतं.

"या वैनी. आज इकडं कसं? बसा, चहा ठेवतो."

"ठेवा ना. उठा मग."

"आता बसलो हाय ना. जराशानं उठतो."

"उठा भाऊजी."

ते उठले नाहीत. माझ्याकडं न बघता गल्लीकडं बघत राहिले. भावना वाकून कांबळं काढायला लागली तर दोन्ही हातांनी धरून ठेवलं. "पोरी, मोठ्या माणसाच्या अंगावरचं कांबळं ओढतं का वं?"

"दवाखान्यात रोज ओढतो," भावना म्हणाली आणि तिनं ओढलं.

उजव्या पायाला ओढणीची चिंधी बांधलेली होती. शेजारच्या अन्सारींच्या सुनेनं बांधली होती. तीच दोन वेळा भाकरी आणून देत होती, आणि कोणाला सांगायचं नाही म्हणून त्यांनी तिच्याकडून वचन घेतलं होतं. भावनानं चिंधी सोडली. दोन बोटं काळी पडली होती आणि वास येत होता.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनासाठी त्यांनी पेटीतले जुने काळे बूट काढून पॉलिश केले होते. आत खिळा वर आलेला. साखरेच्या आजारानं त्यांच्या पायाला काही कळत नाही. अर्धा दिवस ते खिळ्यावर चालले आणि बूट काढल्यावर मोज्यात रक्त बघितलं. मग ताप आला आणि चालणं बंद झालं.

"काहून नाई सांगितलं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "रोज सकाळी विचारून राहिली मी तुम्हाले!"

"तुम्ही विचारलं कसं हाय. फौजेत त्याचं एकच उत्तर असते. दुसरं मले येत नाई."

"लोकं मरतात अशानं."

"वैनी," ते हळू आवाजात म्हणाले, "संघपालले नका सांगू. तो म्हणला हाय, बाबा, एकदा जरी आजारी पडले तर मी घेऊन जाईन, मग वापस नाई. एवढं नका करू. तुमच्या पाया पडतो."

त्यांना ऑटोत घालून इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, बोटं जातील, पाय वाचेल. आणखी तीन-चार दिवस गेले असते तर पायही राहिला नसता. कागदावर घरच्या माणसाची सही पाहिजे होती. मी संघपालला फोन केला. दुसरं काय करणार? चंपतरावांच्या दारातले ते दोन पोलीस माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हते.

नत्थूजींनी दोन दिवस माझ्याकडं पाठ करून घेतली. मी पेज घेऊन जायची, ते भिंतीकडं बघून प्यायचे आणि वाटी न बोलता परत द्यायचे. बोटं कापली तेव्हा त्यांनी हूं की चूं केलं नाही. पण मी वॉर्डात शिरले की डोळे मिटायचे. ते मला फार लागलं.

संघपाल तेव्हा बाहेरच्या बाकावर बसलेला असायचा. चाळिशीचा माणूस, दाढी वाढलेली. तिसऱ्या दिवशी त्यानं महादेवरावांना आणि मला खाटेजवळ बोलावलं. भावनाही होती.

"काकू," तो म्हणाला, "त्या आठ दिवसांत तुमच्या वहीत बाबा काय होते?"

"हाजिर."

"आठही दिवस?"

"आठही."

"आणि पाय सडून राहिला होता."

महादेवराव म्हणाले, "बघा संघपालजी, मंडळाच्या नियमाप्रमाणे फोन उचलला गेला म्हणजे..."

"राहू द्या सुभेदारसाहेब," मी म्हटलं. "चूक झाली हाय. आपण आवाज मोजला, माणूस नाई मोजला. वही सुंदर ठेवली म्हणून मी खुशीत होती."

संघपालचा राग मग माझ्यावरून उतरला, पण तो कुठं ठेवावा ते त्याला कळेना. तो बापाकडं वळला. "बाबा, आता चला. लिफ्ट हाय, दवाखाना समोर हाय, सूनबाई काही बोलते का तुम्हाले?"

"नाई बोलत. चांगली हाय पोरगी." तीन दिवसांत नत्थूजी पहिल्यांदाच नीट बोलत होते. "सारं हाय तिथं. पण तू सहाले जातं, ती साडेसातले जाते. मी गॅलरीत बसतो. दिवसभरात मले कोणी नावानं हाक मारत नाई, संघपाल. लिफ्टवाला म्हणते अंकल. इथं रविवारी छावणीच्या टपरीवर गेलो तर चार जण उठून उभे राहतात गा. हवालदारसाहेब म्हणतात."

"बोटं गेली बाबा."

"दोन गेली. आठ हायेत."

संघपालनं तोंड फिरवलं. शेवटी भावनाच म्हणाली, आणि ती टोमणाच मारत होती, "आजी, गिनती आता यांच्याचकडे द्या. एवढं खोटं बोलता येते, तर दुसऱ्याचं खोटं यांनाच ओळखू येईन."

नत्थूजींनी मान वळवली. "यादीतले पाच जण तर मी आताच सांगतो," ते म्हणाले. "सब ठीक म्हणतात, आणि ठीक काही नाई."

"कोणते पाच?" महादेवराव एकदम पुढं झाले.

"नाई सांगत. आधी मले घरी सोडतो म्हणा."

"नत्थू, हे काय पोरखेळ हाय का?"

"सुभेदारसाहेब, पोरखेळ नाई. सौदा हाय."

संघपालला हसू आलं. त्यानं ते दाबायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. मग आम्हीही हसलो, आणि बाजूच्या खाटेवरचा पेशंटही उगीच हसला.

तरी संघपाल एकदम हो म्हणाला नाही. त्यानं आठ दिवसांची रजा वाढवली आणि बापाला कामठीच्या घरी आणून स्वतः राहिला. कोण येतं, कोण जातं, पाय कोण धुतं, हे त्यानं बघितलं. भावना एक दिवसाआड पट्टी बदलायला आली. अन्सारींची सून जेवण द्यायची ती देतच राहिली, आणि संघपालनं तिचं वचन मोडून टाकलं; सांगितलं, बाबांचं काहीही असलं तर पहिले मला सांगायचं. जाताना तो मला म्हणाला, "तीन महिने बघतो, काकू. पण फोनवर नाई. कोणीतरी रोज डोळ्यानं बघायचं आणि पायाचा फोटो मले पाठवायचा." मी कबूल केलं. तीन महिन्यांनी तो पुन्हा आला, बघितलं, आणखी सहा महिने म्हणाला. त्यानंतर त्यानं मुदत घालणं सोडून दिलं.

ते पाच जण नत्थूजींनी घरी पोचल्याच्या दिवशीच सांगितले. आम्ही एकेकाकडे गेलो. दोघांना खरंच काही नव्हतं, आणि ते आमच्यावर रागावले. तिसऱ्याला एका डोळ्यानं दिसायचं बंद झालं होतं आणि तो अंदाजानं स्टोव्ह पेटवत होता. चौथ्यानं रक्तदाबाच्या गोळ्या सहा महिने घेतल्याच नव्हत्या. पाचवे गोधणीचे एक लान्सनाईक. ते बसून नुसते रडले. त्यांना आजार काही नव्हता, ते बोलायचं विसरले होते. त्यांच्याकडे महादेवराव आठवड्यातून दोनदा बुद्धिबळ खेळायला जायला लागले. दर वेळी हरून यायचे.

गिनती खरंच नत्थूजींकडे गेली. त्यांची पद्धत वेगळी. 'कसं हाय' असं ते कधीच विचारत नसत. काल भाजी कोणती केली, आज कोणत्या पायात आधी चप्पल घातली, दारासमोर आता कोण उभं आहे, असलं विचारायचे. माणूस अडखळला की मला फोन, "वैनी, सात नंबरले आज कोणाले तरी पाठवा. तो पाहून नाई राहिला, आठवून सांगून राहिला." महिन्यातून एकदा पाय तपासणी. फौजेत असते तशी. आम्ही मंडळाचे लोक घरोघर जाऊन म्हाताऱ्यांचे मोजे काढून तळवे बघायचो. सुरुवातीला फार लाजले. यादीतले दुसरे एक निवृत्त सुभेदार तर म्हणाले, बाईच्या हातात पाय देणार नाही. नत्थूजींनी त्यांना फोनवर सांगितलं, "साहेब, माझी दोन बोटं लाजण्यातच गेली." त्यांनी पाय दिला. माझ्यावरचा नत्थूजींचा राग कधी गेला ते मला सांगता येणार नाही. एक दिवस त्यांनी फोनवर माझा चहा झाला का विचारलं, तेव्हा कळलं.

दोन हजार पंचवीसच्या पावसाळ्यात त्यांचं मूत्रपिंड कमजोर झालं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी स्वतः संघपालला फोन केला आणि, बरं नाही, ये, असं सांगितलं. संघपाल बायकोला घेऊन आला. दोघांनीही पुण्याची गोष्ट काढली नाही. नत्थूजींनी खाट कोनाड्याजवळ सरकवून घेतली होती. भावना रोज यायची, मी दुपारी जायची. गल्लीतल्या अन्सारींनी आपले चार माग दुपारचे बंद ठेवले. कोणी सांगितलं नव्हतं.

निवृत्त हवालदार नत्थूजी रामटेके सोमवारी, अकरा ऑगस्ट दोन हजार पंचवीसला, सकाळी साडेनऊच्या सुमारास कामठीत आपल्या घरी वारले. वय शहात्तर होतं. मुलगा आणि सून जवळ होते.