आल्बम आधी दाखवायचा नसतो

अनाथ मुलांच्या त्या घरात भिंतीवर लावलेले नियम सतरा होते आणि न लिहिलेला एकच. परदेशातून आलेला आल्बम आई-बाप स्वतः दारात उभे राहीपर्यंत मुलाला दाखवायचा नाही. दत्तक घेणारी माणसं असा आल्बम आधी पाठवून देतात: हे आपलं घर, ही तुझी खोली, हा कुत्रा, ही आजी. घरातल्या बारा मुलांचं सगळं करणारी स्टोयांका कामावर आलेल्या प्रत्येक नव्या बाईला हा नियम पहिल्याच दिवशी बजावायची. आणि मोडला तो तिनंच.

गेल्या हिवाळ्यात नेवेनाला सणसणून ताप भरला. नऊ वर्षांची पोर, चार वर्षं या घरात काढलेली. लहान मुलांना न्यायला गाड्या यायच्या तेव्हा तीच त्यांचे बूट शोधून द्यायची. त्या रात्री ती तापात बडबडायला लागली आणि स्टोयांकाला राहवेना. तिनं कपाटातून नेवेनाला दत्तक घेणार असलेल्या फ्रेंच जोडप्याचा आल्बम काढला आणि पोरीच्या हातात दिला. ताप तिसऱ्या दिवशी उतरला. पंधराव्या दिवशी पत्र आलं, त्या जोडप्याचा विचार बदलला होता.

शहाण्या बाईनं त्याच दिवशी सांगून टाकलं असतं. स्टोयांका शहाणी होती, पण दुसऱ्यांच्या बाबतीत. "कागद अडकलेत गं," ती म्हणाली, "सेंट जॉर्जच्या सणाला येतील." मे महिन्यात सण आला, कोकरू भाजून खाऊन झालं, कुणी आलं नाही. मग ती म्हणाली, "द्राक्षं उतरली की येतील." एका खोट्याला जगवायला दुसरं लागतं, आणि लेकरू बिचारं दोन्ही खरी धरून बसतं.

द्राक्षं उतरली आणि खरंच माणसं आली. फक्त ती दुसरी होती.

ही इटलीची. लोरेदाना एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची, तिचा नवरा फुल्वियो टपाल वाटायचा. दोघांचीही पंचेचाळिशी उलटलेली. पाच दिवस त्यांनी मुलीसोबत काढायचे आणि शुक्रवारी समाजसेविका देनेवाबाई मुलीला विचारणार, अशी रीत होती. दहा पूर्ण झालेल्या मुलाला विचारावंच लागतं. नेवेनाला उन्हाळ्यातच दहा वर्षं पूर्ण झाली होती. ती नको म्हणाली की कागद बंद, आणि त्यानंतर अकरा-बारा वर्षांच्या मुलीसाठी कोण येतंय? स्टोयांकानं आजवर तरी कुणाला येताना पाहिलं नव्हतं.

या खेपेला तिनं नियम अगदी कडक पाळला होता. इटलीचा आल्बम कुलपात, आणि पोरीला एवढंच सांगितलेलं की पाहुणे यायचेत.

पाहुण्यांशी कसं वागावं हे नेवेनाला बरोब्बर ठाऊक होतं. तिनं खुर्च्या पुढे केल्या, चीज घातलेली थराथराची भाजलेली बानित्सा कापून वाढली. मग आत जाऊन आल्बम घेऊन आली आणि लोरेदानाच्या मांडीवर ठेवला.

"हे माझे आईबाबा," ती म्हणाली. "फ्रान्सला असतात. ही माझी खोली. हा कुत्रा म्हातारा आहे, पण चावत नाही. तुम्ही कुणाला न्यायला आलात? छोट्या रादोला?"

सोफियाहून आलेली दुभाषी इस्क्रा एरवी तोंडाची तोफ. या वेळी तिनं खाली मान घालून त्याचं इटालियन केलं. फुल्वियोचा घास हातातच राहिला. लोरेदानानं मात्र पहिलं पान उघडलं आणि एकेक पान सावकाश पाहत शेवटापर्यंत गेली.

"कुत्र्याचं नाव काय?" तिनं विचारलं.

नेवेनानं ते सांगितलं, आजीचंही सांगितलं, खिडकीबाहेरच्या झाडावर चेरी लागतात हेही सांगितलं. लोरेदानानं आल्बम मिटून दोन्ही हातांनी परत दिला. मग ती उठली आणि स्टोयांकामागे स्वयंपाकघरात गेली. इस्क्राही गेली.

"ती माणसं येणार नाहीत, हे पोरीला माहीत नाही?" लोरेदानानं इस्क्राकरवी विचारलं.

स्टोयांका ओट्यावरून फडकं फिरवत राहिली. "नाही."

"कुणी सांगायचं होतं?"

"मी."

इस्क्रा मधेच उसळली. "अहो मावशी, मग आता मी सांगू का? मी आपली भाषांतराचं काम करणारी, चार दिवसांनी निघून जाणार."

"तू गप गं. तुझं काम तू कर."

लोरेदाना हळूच काहीतरी बोलली. इस्क्रानं उसासा टाकला. "त्या म्हणतात, आम्ही नाही सांगणार. आम्ही सांगितलं तर तिची माणसं आम्ही हिसकावून घेतली असं तिला वाटेल. तुम्ही सांगा. नाही सांगितलंत तर ती शुक्रवारी नको म्हणेल, आणि तिचं तरी काय चुकलं?"

नको म्हणेल. हा शब्द ऐकून स्टोयांकाच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर सुटका. लाज वाटण्यासारखीच गोष्ट, पण आली खरी. तिचा स्वतःचा मुलगा स्पेनला गेला तो नाताळला फोन करण्यापुरता उरला होता. संध्याकाळी गुडघे दुखायला लागले की शेजारी येऊन बसणारी ही एकच पोर. ती नको म्हणाली तर राहील, अजून आठ वर्षं राहील. आणि मग अठरा पूर्ण झाली की एक पिशवी घेऊन फाटकाबाहेर पडेल. अशी किती मुलं स्टोयांकानं फाटकापर्यंत पोचवली होती. त्यांतल्या दोघींची नावं आता तिला घ्यायलाही नको वाटायची.

मंगळवार तिनं टाळाटाळीत घालवला. बुधवारी मिरच्या भाजायच्या होत्या.

हिवाळ्याच्या बेगमीच्या लांब लाल गोड मिरच्या, दोन पोती. सबंध गावाला त्या दिवसांत भाजक्या मिरचीचा वास असतो. अंगणात सगळे बसले. भाजलेल्या मिरच्या झाकणाच्या पातेल्यात घालायच्या, घामेजल्या की साल काढायची. फुल्वियोनं घाई केली आणि बोटं पोळून घेतली.

"टपालवाल्याची बोटं गेली," नेवेना म्हणाली, "आता त्यांच्या गावातली पत्रं दातांनी वाटणार का?"

इस्क्रानं ते सांगितल्यावर फुल्वियोनं एक मिरची दातात धरून वाटून दाखवली. नेवेना खुदकन हसली. स्टोयांकानं ते हसू पाहिलं, आणि आत्ता नाही बोललं तर कधीच नाही, हे तिला कळलं. तिनं इस्क्राला खूण केली. इस्क्रा दोघा पाहुण्यांना घेऊन हात धुवायला आत गेली.

"नेवे, ती फ्रान्सची माणसं येणार नाहीत."

"कागद परत अडकले?"

"कागद नाही अडकले, बाळा. ते नको म्हणाले."

नेवेनानं हातातल्या मिरचीचं साल पूर्ण काढलं आणि ती बरणीत टाकली. "पत्र कधी आलं?"

"फेब्रुवारीत."

"म्हणजे सणाच्या आधी."

"हो."

"मी सणाला नवा झगा घालून फाटकावर बसले होते. तू मला बाहेर लिंबाचं सरबत आणून दिलंस."

"दिलं."

"तेव्हा तुला माहीत होतं."

स्टोयांकाला रडू फुटलं. आपण रडायचं नाही, रडायचा हक्क तिचा आहे, एवढं तिला कळत होतं, तरी फुटलं. "माझं चुकलं गं. तुला वाईट वाटेल म्हणून..."

"मग आता वाईट नाही वाटत का?" पोर म्हणाली, आणि पुढची मिरची उचलली. संध्याकाळपर्यंत ती सालं काढत राहिली. त्यानंतर तिनं स्टोयांकाला मावशी म्हणून हाक मारली नाही. काही हवं असलं तर नुसती समोर येऊन उभी राहायची. आल्बम तिनं ऑफिसच्या टेबलावर नेऊन ठेवला, फाडला वगैरे नाही.

गुरुवारी ती लोरेदानासमोर जाऊन बसली. इस्क्राला म्हणाली, "हिला विचार, तुम्ही मलाच न्यायला आलात का?"

"हो, तुलाच."

"मग शनिवारी तुम्ही निघालात की मी पण येणार?"

"नाही. आम्हाला परत जावं लागेल. कोर्टाचा कागद झाला की तुला न्यायला येऊ."

नेवेनाच्या तोंडचं पाणी पळालं. हे सगळं तिचं ऐकून झालेलं होतं. "कधी?"

फुल्वियो भाबडा माणूस. त्यानं हात पसरून म्हटलं, "नाताळला! नक्की नाताळला!" ते समजायला इस्क्राची गरज नव्हती. लोरेदानानं त्याच्या दंडावर हात ठेवून त्याला थांबवलं. मग ती पोरीकडे वळली, आणि इस्क्रानं तिचे शब्द एकेक करून सांगितले.

"मला माहीत नाही. नाताळच्या आधी असेल, नंतरही असेल. कोर्टाचं माझ्या हातात नाही. नाताळला येऊ असं मी म्हटलं आणि नाही आलो, तर तू माझं पुढचं काही ऐकणार नाहीस."

दारात उभ्या असलेल्या स्टोयांकाला तो टोला बरोबर बसला, जरी तिला उद्देशून कुणी काही बोललं नव्हतं.

शुक्रवारी देनेवाबाई फाईल घेऊन आल्या. बाई चांगल्या, पण दिवसाला अशी तीन घरं करणाऱ्या. नेवेना समोर ताठ बसली.

"यांच्याकडे जायचंय का तुला? नीट विचार करून सांग."

"जायचंय."

"का गं? घर आवडलं फोटोतलं?"

"फोटो मी पाहिलेच नाहीत." ती थोडी थांबली. "यांना कधी येणार ते माहीत नाही. तसं त्यांनी सांगितलं."

देनेवाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. असलं कारण त्यांच्या फाईलमध्ये कुठं बसेना. त्यांनी फक्त 'होकार' लिहिलं आणि सही केली.

शनिवारी सकाळी गाडी आली. लोरेदानानं पोरीला घट्ट धरलं, फुल्वियोनं पोळलेली बोटं हलवून निरोप घेतला. गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर बाकीची मुलं आत पळाली. नेवेना पायरीवर बसली. स्टोयांका तिच्यापासून जरा अंतर ठेवून उभी राहिली. जवळ जायचं धाडस होत नव्हतं आणि आत जाववत नव्हतं.

"येतील का गं ते?" नेवेनानं रस्त्याकडे बघतच विचारलं.

येतील गं, नक्की येतील! स्टोयांकाच्या ओठांवर आलंच होतं. तीस वर्षं ती मुलांना हेच सांगत आली होती. शब्द तोंडात ठरेना, इतकी तिला त्याची सवय. तिनं तो गिळला.

"मला माहीत नाही, बाळा."

नेवेनानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं, बुधवारनंतर पहिल्यांदाच. मग ती पायरीवर थोडी बाजूला सरकली आणि शेजारी जागा केली.