मावशी दाराबाहेर पडते

वर्ष संपायला चार दिवस उरले की मी एक जुनी वही काढते आणि पुढच्या वर्षीचे संकल्प लिहिते. अकरा वर्षं पहिला संकल्प तोच आहे: कादंबरी पूर्ण करणे. पहिल्या वर्षी त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. पाचव्या वर्षी उद्गारचिन्ह दिलं. यंदा वही उघडली आणि पेन हातात धरून नुसतीच बसून राहिले.

"काय झालं?" आमच्या ह्यांनी वर्तमानपत्राच्या वरून विचारलं.

"यंदा नुसतं लिहून भागायचं नाही. काहीतरी सोडावं लागेल."

"मला सोडू नकोस म्हणजे झालं."

"तुम्हाला सोडून जाऊ कुठे? रेकॉर्डिंग सोडते."

ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. म्हणजे गोष्ट गंभीर होती.

मी चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. देवाने मला दिसायला बेताचीच केली, पण आवाज देताना हात सैल सोडला. निवृत्त झाल्यावर तो आवाज घरात ह्यांच्यावर वाया घालवण्यापेक्षा वाचनालयात नेला. तिथे डोळ्यांनी वाचू न शकणाऱ्यांसाठी बोलकी पुस्तकं तयार होतात. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मी एका लहानशा खोलीत बसते, भिंतींना जाड कापड लावलेलं, समोर माइक, आणि पुस्तक वाचते. वर्षाला दहा पुस्तकं होतात. पुढच्या वर्षी येणार की नाही, ते डिसेंबर संपायच्या आत फॉर्मवर खूण करून कळवायचं असतं.

आणि कादंबरी? ती माझ्या मावशीवर. बावन्न वर्षांची मावशी एका सकाळी "दोरा संपलाय, घेऊन येते" म्हणून घराबाहेर पडली आणि एकविसाव्या दिवशी परत आली. दोरा घेऊन. कुठे होती ते तिने घरात कुणालाही सांगितलं नाही. पुष्कळ वर्षांनी फक्त मला सांगितलं. एवढं घबाड हाती असताना कादंबरी होणार नाही तर काय! पण अकरा वर्षांत माझी त्रेचाळीस पानं झाली. घर झालं, अंगण झालं, शिवणयंत्र झालं, मावशीच्या सासऱ्यांचा स्वभाव झाला. मावशी मात्र अजून चपला घालून दारातच उभी.

"दोन दुपारी मोकळ्या मिळाल्या की ती बाहेर पडेल म्हणतेस?" ह्यांनी विचारलं.

"पडेलच."

"मला विचारशील तर तिला वेळ कमी पडत नाहीये. तिला सासऱ्यांचा स्वभाव अडवतोय. आठ पानं आहे तो."

"तुम्ही वाचलंत?"

"अकरा वर्षं घरात चोरपावलांनी फिरतोय मी. निदान कशासाठी ते तरी बघू नको?"

मी वही मिटली. फॉर्मवर 'नाही' समोर खूण केली. आता त्रेसष्ट पूर्ण होतील. आत्ता नाही तर कधी?

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. फॉर्म घेऊन वाचनालयात गेले. तिथलं रेकॉर्डिंगचं यंत्र सांभाळणाऱ्या गृहस्थांना मी बटणराव म्हणते. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, केस माझ्यापेक्षा पांढरे, कामात चोख. पण आज ते माझ्याकडे बघायलाच तयार नव्हते.

"फॉर्म देताय ना, द्या. पण आधी हे ऐका. तक्रार आलीय."

"माझी?"

"आपल्या दोघांची."

त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचला. "मधमाश्या पाळण्याविषयीचं आपलं पुस्तक ऐकलं. आवडलं. सातव्या प्रकरणानंतर ज्या मावशी दोरा आणायला गेल्या, त्यांचं पुढे काय झालं? आठव्या प्रकरणात परत पोळ्याचीच माहिती आहे. मधली पानं गहाळ झाली आहेत काय? कृपया लवकर कळवावे."

मला काही क्षण काहीच कळेना. मग सगळंच एकदम कळलं. ते पुस्तक वाचताना एका दुपारी सातवं प्रकरण संपलं, चहा आला, बटणराव कप घेऊन आत येऊन बसले आणि म्हणाले, बाई, तुमच्या त्या कादंबरीत आहे तरी काय?

"यंत्र बंद केलं नव्हतंत?"

"नव्हतं."

"बटणराव!"

"मी प्रकरणाची सुरुवात आणि शेवट तपासतो हो. मध्ये अकरा मिनिटं मावशी बसलीय हे मला काय ठाऊक? सोळा वर्षांत पहिली चूक."

"किती घरी गेलं हे?"

"चाळीस."

चाळीस घरी! धरणीने पोटात घ्यावं असं झालं. ज्या गोष्टीचं एक पान मी ह्यांच्याशिवाय कुणाच्या नजरेला पडू दिलं नाही, तेही त्यांनी चोरून वाचलं म्हणून, ती चाळीस घरांत मधमाश्यांबरोबर फिरत होती.

"लावा," मी म्हटलं. "मला ऐकू द्या."

बटणरावांनी लावलं. आधी कपबशीचा आवाज. मग माझा. "आमची मावशी बावन्न वर्षांची, कुणाच्या अध्यात ना मध्यात." दुसऱ्या वाक्यात दोरा संपला. तिसऱ्या वाक्यात मावशी रस्त्यावर! अंगण नाही, शिवणयंत्र नाही, सासरे तर नावालाही नाहीत. काका संध्याकाळपर्यंत वाट बघून म्हणतात, "दोरा आणायला गेलीय की कापूस पेरायला?" मी काकांचा घोगरा आवाज काढलेला आणि बटणराव खो खो हसतायत. "मग?" ते विचारतात. आठव्या दिवशी काका मीठ कुठे ठेवलंय ते शेजारणीला विचारून येतात. "मग?" तेवढ्यात कुठेतरी फोन वाजला, खुर्ची सरकली, आणि माझाच गंभीर आवाज आला: "प्रकरण आठ. पोळ्याची निगा."

अकरा वर्षं जी दारातून हलली नाही, ती इथे चहा निवायच्या आत चालू लागली होती. कागद मला कधी 'मग?' म्हणाला नव्हता. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? त्रेचाळीस पानांसाठी डोळ्यांत पाणी आलं. पाठवणीच्या वेळी येतं, तसंच.

"या माणसाचा नंबर आहे?" मी विचारलं.

होता. एका हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डवर ते ऑपरेटर होते. म्हणजे आमच्याच जातकुळीतले. मी नंबर फिरवला.

"नमस्कार, हॉस्पिटल."

"नमस्कार. मी वाचनालयातून..."

"थांबा थांबा! मधमाश्यांच्या बाई ना? आवाज ओळखला. एक मिनिट, घरून बायकोला लाइनवर घेतो. आमच्याकडे यावरून रणकंदन चाललंय."

बायकोही आली. "बाई, ह्यांचं म्हणणं, मावशी मध गोळा करायला गेल्या."

"पुस्तक मधाचंच होतं ना!"

"मी म्हणते, माहेरी गेल्या."

"दोरा आणायला माहेरी?"

मी दोघांची माफी मागितली. ते पुस्तकात नाही, माझी चूक झाली, मी ते लिहिणार होते, असं सगळं सांगितलं.

"लिहिणार होता?" बायको म्हणाली. "मग आम्हाला कधी मिळालं असतं? तुम्ही लिहिणार, कुणी छापणार, मग ते ब्रेलमध्ये आमच्या बोटांखाली येणार. तोवर आम्ही वर!"

"ते राहू दे गं," ऑपरेटर म्हणाले. "बाई, त्या होत्या कुठे?"

मी सांगायला लागले. दोऱ्याच्या दुकानाला लागून एक सभागृह होतं. आत एक बाई गात गात देवाची कथा सांगत होती. मावशी पिशवी घेऊन दारातच उभी राहिली...

"एक मिनिट, वॉर्ड क्रमांक सहाचा फोन. हं, जोडला. मग?"

मग कथा संपली, पण मावशीचे पाय घराकडे वळेनात. दुसऱ्या दिवशी त्या बाईची कथा पुढच्या गावी होती. मावशी गेली. तिथे झांजा वाजवणारी आजारी पडली होती. मावशीने झांजा उचलल्या. गावामागून गाव, एकवीस दिवस. मला सांगताना म्हणाली होती, "एकदा पोटभर ऐकलं गं. देवाने ते ताट माझ्यापुढे वाढलं, मी उठले कशाला असते?"

मग बायको हळूच म्हणाली, "आणि एवढं मिळूनही परत आल्या? का?"

अकरा वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. "ते मला माहीत नाही हो."

"मग शोधा. आम्ही कुठे जातोय?"

फोन ठेवला. बटणराव फॉर्म हातात घेऊन उभे होते, त्यावरची माझी खूण बघत. मी तो त्यांच्याकडून घेतला, 'नाही' समोरची खूण खोडली, 'हो' समोर केली, आणि खाली जागा होती तिथे लिहिलं: मंगळवारी वाचन, शुक्रवारी गोष्ट.

"वरच्यांना विचारावं लागेल," बटणराव म्हणाले.

"विचारा. तक्रारीचा कागद सोबत जोडा."

देवा, मी तुझ्याकडे अकरा वर्षं लिहिणारा हात मागत होते. तू बोलणारी जीभ आधीच देऊन बसला होतास, आणि ते मला कळावं म्हणून एका सज्जन माणसाकडून सोळा वर्षांत एकच चूक करवलीस. तुझे उपकार कसे मानू?

"आज खोली रिकामी आहे," बटणराव म्हणाले. "करायचं का सुरू?"

"करू. पण तुम्ही काचेपलीकडे नको. आत या, समोर बसा."

त्यांनी यंत्र चालू केलं, दार लावून घेतलं आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.