चंद्राबाईचा एक मण

पारड्याखाली अंगठा लावायची सवय असेल तर तो आधी काढून घ्या. मी थळच्या नीराबाईचा तराजू बोलतोय, आणि माणसांच्या अंगठ्याचं वजन मला पंधरा वर्षांपासून पाठ आहे.

देश स्वतंत्र झाला त्या साली मी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने रेवसला उतरलो आणि बैलगाडीत आडवा पडून थळला आलो. लोखंडी दांडी, साखळ्यांना टांगलेली दोन मोठी पारडी, मधोमध काटा. नीराबाईने मला ओटीच्या वाशाला टांगलं, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मला वाटलं, चला, देवाच्या जागी आलो. दुसऱ्याच दिवशी सुके बोंबील आले. विकणाऱ्याने ते पाणी शिंपडून आणले होते, आणि घेणाऱ्याने पारड्याला खालून पायाचा टेकू दिला. जाताना दोघेही मला नमस्कार करून गेले! तेव्हा माणसांबद्दल माझं जे मत झालं ते झालंच.

एक तेवढी नीराबाईची सून सरळ होती, चंद्राबाई. माझी पारडी राखेने घासायची, मंगळवारी दांडीला फूल वाहायची. त्या बाईच्या पोटात व्रण झाला. रक्ताची उलटी झाली तसा तिचा नवरा धर्माजी तिला मुंबईच्या इस्पितळात घेऊन गेला. तिथे पोट कापून त्याचे तिनातले दोन भाग काढून टाकले. दीड महिन्याने ती परत आली, ती वाळत घातलेल्या मांदेलीसारखी.

धर्माजीने ओटीवर बसून डॉक्टरांचं सांगणं सगळ्यांना ऐकवलं. "पोट ऱ्हायलंय करवंटीयेवढं. दर दोन तासांनी वाटीभर द्यायचं. मऊ भात, मासा, अंडं. गोड न्हाय. उपास तर न्हायच न्हाय. दर आठ दिवसांनी वजन करायचं. मणाच्या खाली गेली तर तशीच उचलून परत आनायची, न्हायतर हाताला लागायची न्हाय."

म्हणजे काम माझ्यावर आलं. एका पारड्यात मणाचं लोखंडी वजन, दुसऱ्यात पाय पोटाशी घेऊन चंद्राबाई. पहिल्या खेपेला ती मणाला दोन शेर भारी भरली. मी खूश झालो.

मग भेटायला माणसं आली. आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणतात. रिकाम्या डोक्याने जाऊ नये, असं कुणी का म्हणत नाही? कुणी लाडू आणले, कुणी गुळाची खीर. शेजारची आवडाबाई तर नाकाला पदर लावून म्हणाली, "वाटीभर खाऊन कोन जगलंय गो? तू काय चिमनी हायस? आनि नवस बोललेलीस त्याचं काय? फेडला न्हाय तर आई सोडायची न्हाय."

नवस खरा होता. मुंबईला जाताना बोटीत चंद्राबाई एकवीरा आईला बोलली होती, जगले वाचले तर सव्वा महिना दिवसातून एकदाच जेवीन. डॉक्टर म्हणतात थोडं थोडं सहा वेळा, नवस म्हणतो एकदाच. बाईने डॉक्टरला बाजूला ठेवलं आणि घरात कुणाला सांगितलं नाही. दर दोन तासांची वाटी ओटीखाली कोंबड्यांना जाऊ लागली. कोंबड्या काय फुगल्या! त्यांचं वजन करायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

एका मंगळवारी नीराबाई अलिबागच्या बाजारात होती, धर्माजी समुद्रावर. दिवेलागणीला चंद्राबाईने दिवसाचं एकच जेवण केलं, वर नैवेद्याची खीर. थोड्याच वेळात तिला दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरायला लागले, छाती धडधडायला लागली. करवंटीएवढ्या पोटात एकदम गोड ओतल्यावर दुसरं काय होणार? पण आवडाबाई ओरडली, "आई आली गो, अंगात आली!" झालं. आळीतल्या बाया कुंकवाच्या कोयऱ्या घेऊन धावल्या. ती बिचारी जीव जातोय म्हणून भिंत धरते आहे, आणि या तिला विचारताहेत, "आई, माझ्या लेकीचं लगीन कंदी व्हईल?"

पुढच्या दोन्ही वजनांना चंद्राबाई मणाला बरोबर भरली. नीराबाईला समाधान वाटलं. मला नाही. माझ्या पारड्याला शिशाचा गारवा लागत होता. तिकडे धर्माजी कुरकुरत होता, "माझ्या पागाच्या जाल्याच्या शिशाच्या गोळ्या कोनी कापल्यान? जालं फेकतो तर बुडतच न्हाय."

नीराबाई म्हणाली, "आता चोर बी शिसं खायला लागले काय?"

मी ओरडणार कसा? मला फक्त कलता येतं. बोंबलांवर पाणी, तसं हिच्या लुगड्याच्या घोळात शिसं. जिने कधी कुणाला फसवलं नाही, तिने सुरुवात केली ती स्वतःच्या जिवापासून.

चौथ्या खेपेला ती पारड्यात बसली आणि गाठ सुटली. टण्ण! एक गोळी. मग दुसरी. नीराबाईने वाकून पाहिलं, घोळ चाचपला आणि मूठ मूठ शिसं काढून जमिनीवर ठेवलं. तसतशी चंद्राबाई वर वर गेली. मणाचं वजन खाली टेकलं, आणि ती माझ्या साखळीला धरून अधांतरी लोंबत राहिली.

"जलमभर भिजवलेले बोंबील बघितले," नीराबाई म्हणाली. "असा मानूस आज बघते."

"आत्या, नवस हाय," चंद्राबाई रडू लागली. "आई कोपंल."

"आई काय आपली सुकटीची गिऱ्हाईक हाय, तोलून मापून घ्यायला? नवस घराचा हाय ना? मंग पोट घराचंच घालू. माझं घालते. किती दिस ऱ्हायले?"

"सतरा."

दिवसातून चार वेळा जेवणारी ती बाई. क्षणभर तिचाही चेहरा उतरला, मी पाहिला. मग गरजली, "धर्मा, बघतोस काय? रेवसची लाँच गाठ!"

इस्पितळात चंद्राबाई आणखी वीस दिवस राहिली. इकडे नीराबाईने सतरा दिवस एकदाच जेवून काढले, देवी सोडून सगळ्यांना शिव्या देत. आवडाबाईच्या वाट्याला जास्त आल्या. देवी कोपली नाही. तिला माझ्यासारखा तराजू समजणारी माणसंच असतात, ती कधी नव्हती.

आता किलो आले. जुनी वजनं गेली, मीही बाद झालो. गंज चढलाय, एक साखळी सुतळीने बांधलीय. नीराबाईने सगळे शेर देऊन टाकले, पण मणाचं वजन चुलीमागे दडवून ठेवलंय. "ह्यो सुनेचा हाय," म्हणते. तुम्ही कुणा उठलेल्या आजाऱ्याला भेटायला जाल, तर लाडू घरी ठेवा आणि त्याला वाटीभरच खाऊ द्या, एवढं ऐका माझं.

चंद्राबाई अजूनही दर आठ दिवसांनी माझ्या पारड्यात बसते. आधी पदर झटकून दाखवते. पारडं खाली जाऊन जमिनीला टेकलं की म्हातारी म्हणते, "जड झाली मेली!" या घरात याहून मायेचं काही बोलता येत नाही.

मी ऐकतो, आणि काटा हलवत नाही.