तिपेडी दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. खरं सांगायचं तर अर्धाच आहे. उरलेला अर्धा एका बोळात गेला, त्याची ही गोष्ट.

कारखान्यात तीन पेड एकमेकांच्या गळ्यात गळा घालून पिळले गेले आणि मी झालो. मला विकत नेलं ते झाडं उतरवणाऱ्या दोघांनी. थोरल्याला सगळे दाजी म्हणत, कारण त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ त्यांच्या जोडीला झाडावर चढे. झाड आडवं पाडायला जागा नसली की हा मेहुणा वरून एकेक तुकडा मला बांधून कापी, आणि दाजी मला बुंध्याभोवती वेढे देऊन तो तुकडा अलगद खाली सोडत.

प्रत्येक झाडाआधी दाजी डोळे मिटून मला उघड्या तळहातातून सरकवत. कुठे चीर, कुठे सुटलेला धागा, सारं त्यांच्या हाताला कळे. मेहुणा चेष्टा करी, ताईचा हातही एवढा वेळ धरला नसेल. दाजी म्हणत, "तुझी ताई लोकांच्या डोक्यावर ओंडके टांगत नाही. हा टांगतो."

मग ते वादळ आलं. वाऱ्याने पत्रे कागदासारखे फाडले, खांब मोडले, झाडं मुळांसकट उपटून घरांवर फेकली. वादळ ओसरल्यावर सकाळपासून आम्ही चार झाडं उतरवली. चौथ्यावर करवतीचा दात मला चाटून गेला. माझा एक पेड अर्धा कापला गेला.

मेहुण्याने ते पाहिलं. पण खालून हाका येत होत्या. त्याला वाटलं, पुढच्या झाडाआधी दाजी हात फिरवतीलच. इकडे दाजींच्या हातांना फोड आले होते, म्हणून त्यांनी हातमोजे चढवले होते. मोज्यातून त्यांच्या हाताला चीर लागलीच नाही. वरून मेहुणाही काही बोलला नव्हता, म्हणजे सगळं ठीक असणार.

पाचवं झाड एका बोळात होतं. बोळ असा, की समोरून कुणी आलं तर भिंतीला पाठ लावावी. यंत्र आत शिरणं शक्यच नव्हतं. झाड एका शिवणकामवालीच्या छपरावर रेललं होतं, आणि आत ती कपाटाखाली पाय अडकून पडली होती. तुकडा छपरावर सुटला असता तर ती गेलीच असती.

पाच तुकडे उतरले. सहावा खोडाचा होता. करवत किंचाळली, खोड कडाडलं, आणि सगळा भार माझ्यावर आदळला. चिरलेला पेड फटकन तुटला. दुसरा उसवू लागला. खोड झोका घेऊन समोरच्या भिंतीवर धडकलं, विटा फुटून उडाल्या.

दाजींनी वर पाहिलं. मोज्यांत मी अडकत होतो, घसरत होतो, आणि एक झटका मला संपवायला पुरेसा होता. त्यांनी दातांनी एकेक मोजा ओढून फेकला आणि उघड्या हातांतून मला सोडू लागले. सलग, न थांबता. मी त्यांची कातडी सोलत धावलो. मी रक्ताने भिजलो, मित्रांनो, आणि मला थांबता येत नव्हतं. खोड छपराच्या कडेवरून सुटलं, बोळात आलं, खाली कंबरेएवढ्या उंचीवर आलं. तिथे मी तुटलो. माझं टोक चाबकासारखं उसळून मेहुण्याचा गाल फाडून गेलं. खोड दाजींच्या गुडघ्यावर पडलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

कपाट उचलल्यावर शिवणकामवाली लंगडत बाहेर आली. पुढे दाजीही लंगडले, कायमचे.

दवाखान्यात मेहुणा म्हणाला, "मी चीर पाहिली होती, दाजी. वाटलं, तुमच्या हाताला लागेलच."

दाजींनी पट्ट्या बांधलेले हात वर केले. म्हणाले, "मला वाटलं, काही असतं तर तू बोलला असतास."

आता मी खिळ्यावर टांगलेला असतो. दाजींच्या तळहातांवर जाड, गुळगुळीत कातडी आली आहे, तिला काही कळत नाही. म्हणून खाली नवा दोर मेहुण्याच्या हातांतून सरकतो आणि दाजी शेजारी बसून ऐकतात. कारण मेहुणा आता हाताला लागेल ते मोठ्याने सांगतो. ठीक. ठीक. इथे एक धागा वर आलाय. ठीक.

मित्रांनो, तुमच्याही हाती कुणाचा तरी दोर असेल. त्यावर चीर दिसली, तर तेवढं बोला.