हायड्रोजनची टाकी

शिरूर अनंतपाळजवळच्या एका साखर कारखान्यात डिस्टिलरीच्या काळ्या सांडपाण्यापासून हायड्रोजन काढायचा प्रयोग चालू होता. जिवाणू त्या पाण्यातली उरलीसुरली साखर खायचे आणि हायड्रोजन सोडायचे. प्रयोगशाळा मंजुश्री सांभाळायची. टाकीवर दोघं होते, मुखेडचे ताहेरभाई आणि उदगीरकडचे मडिवाळप्पा. दोघं रोज एकत्र जेवायचे.

फेब्रुवारीत हायड्रोजन घटत गेला आणि टाकीतून सडक्या अंड्यांसारखा वास यायला लागला. भलतेच जिवाणू माजले होते, ते विषारी वायू सोडत होते. मंजुश्रीनं वायू मोजायचं मीटर टाकीच्या तोंडाशी धरलं. आकडा शून्य. नाकाला झोंबत असताना शून्य! ती प्रकल्पप्रमुख रविकिरण सरांकडे गेली.

"सर, वायूचं मीटर बिघडलंय."

"मागवू नवं. पुढच्या सोमवारी प्रकल्प बघायला पाहुणे येतायत, ते होऊन जाऊ दे आधी."

ती "बरं" म्हणाली.

शनिवारी सरांनी टाकी रिकामी करून साफ करायला सांगितली. तळाच्या ढवळायच्या पात्यात चोथा अडकला होता. अकराच्या सुमाराला मंजुश्री तिकडं गेली, तर वर एकटे ताहेरभाई.

"आप्पा कुठंयत?"

"उतरला की खाली. वास बी गेलाय, मीटर बी शून्य दाखवतंय."

तो वायू वाढला की वास जात नाही, नाकच बधिर होतं. तिनं दुरूनच टॉर्च मारला. मडिवाळप्पा चोथ्यात निपचित पडले होते.

ताहेरभाईंनी शिडीवर पाय टाकला. तिनं मागून त्यांच्या कमरेला मिठी घातली.

"सोडा म्याडम! माझा दोस्त मरून राहिला!"

"तुम्हीपण पडाल! हवेचा पंखा लावा, मास्क येऊ द्या!"

ते हिसडे देत होते, शिव्या देत होते. तिचं कोपर लोखंडावर फुटलं, पण तिनं सोडलं नाही. शेवटी त्यांनी रडत रडत पंखा चालू केला. तिनं फोनवरून मागवलेला हवेच्या सिलिंडरचा मास्क डिस्टिलरीतून यायला सहा मिनिटं लागली. तो लावून ताहेरभाईच उतरले आणि आप्पांना दोर बांधून वर आणलं.

मडिवाळप्पा वाचले. लातूरच्या दवाखान्यात अकरा दिवसांनी त्यांनी डोळे उघडले. पण बायकोचं, सरजाबाईंचं नाव त्यांना आठवेना, हातात पेला ठरेना.

मंजुश्री भेटायला गेली, तेव्हा ताहेरभाई बाहेर बाकावर बसले होते.

"डॉक्टर म्हणले, तुम्ही मला धरलं नसतं तर दोन मयती झाल्या असत्या," ते म्हणाले. "खरं असंल. पर सहा मिनटं मी वरून बघत उभा होतो, म्याडम."

तिच्या तोंडून निघून गेलं, "मीटर बिघडलंय हे मला आठवडाभर माहीत होतं, ताहेरभाई."



"मंग आमाला का न्हाई सांगितलं?"



कारखान्याच्या अहवालात लिहिलं होतं, की कामगार न विचारता टाकीत उतरले. मंजुश्रीनं चौकशीत वेगळा जबाब दिला. मीटरचं सरांना सांगितलं होतं, कामगारांना सांगितलं नव्हतं, दोन्ही लिहिलं आणि खाली सही केली. तिची नोकरी गेली. ताहेरभाईंनीही जबाब दिला, तिचा शब्द न् शब्द खरा आहे म्हणून.

चौकशीच्या कचेरीतून बाहेर पडताना मात्र ते तिच्याशी बोलले नाहीत.